जुन्या बेलरच्या शाफ्टची थरथर : काही उघडण्याआधी दोष कसा ओळखावा?

कुरणवाट

नमस्कार. माझ्याकडे गवताचे छोटे चौकोनी गठ्ठे बांधणारा एक जुना बेलर आहे. तो ट्रॅक्टरच्या पीटीओवर (अवजाराला ताकद पुरवणाऱ्या मागच्या फिरत्या शाफ्टवर), मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालतो. पीटीओपासून निघालेला सरकता शाफ्ट बेलर ट्रॅक्टरला जोडणाऱ्या पुढच्या दांडीवर बसवलेल्या बेअरिंगपर्यंत येतो आणि तिथून दुसरा, न सरकणारा शाफ्ट मागे फ्लायव्हीलकडे, म्हणजे बेलरच्या जड चाकाकडे, जातो. मागच्या हंगामापर्यंत या यंत्राने कधी कुरकुर केली नव्हती. या हंगामात मात्र पीटीओचा वेग ४५० च्या पुढे नेला की सबंध दांडी थरथरू लागते. ही थरथर ट्रॅक्टरवर पाय ठेवतो तिथपर्यंत पोहोचते, आणि आसनामागे ठेवलेला पाण्याचा डबा सरकत सरकत कडेला येतो. यंत्रात गवत नसतानाही हे होते आणि वळणावर ते वाढते.

पुढच्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस (सांध्यांतले फुलीच्या आकाराचे तुकडे) मी बदलून घेतले, फरक पडला नाही. फ्लायव्हीलचे बोल्ट आवळले, तरीही नाही. आता कारागिराचे म्हणणे आहे की संपूर्ण शाफ्टच नवा घ्यावा. एकेक भाग बदलत राहायचे आणि कधीतरी दोष निघून जाईल अशी आशा धरायची, हे मला पटत नाही. काहीही उघडण्यापूर्वी थरथर नेमकी कुठून येते हे ठरवण्याची काही रीत आहे का? जुनी यंत्रे सांभाळणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

धुरा

क्रॉस बदलताना सरकत्या शाफ्टचे दोन भाग एकमेकांतून बाहेर काढले होते का, आणि तो शाफ्ट चौरस आहे की लिंबाच्या आकाराच्या नळीचा? लिंबाच्या आकाराची नळी चुकीची बसणे अवघड असते. चौरस शाफ्ट मात्र चार प्रकारे बसतो आणि त्यांतले दोन प्रकार चुकीचे असतात.

हे का महत्त्वाचे आहे ते थोडे विस्ताराने सांगतो. आपण ज्याला युनिव्हर्सल जॉइंट म्हणतो त्यालाच सोळाव्या शतकातल्या कार्दानोच्या नावाने कार्डन सांधा किंवा सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या नावाने हूकचा सांधा असेही म्हणतात. हा सांधा वाकलेल्या स्थितीत फिरतो तेव्हा पलीकडच्या शाफ्टचा वेग एकसारखा राहत नाही. प्रत्येक फेरीत तो दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. सांधा २० अंशांनी वाकलेला असेल तर पीटीओ नेमका ५४० ने फिरत असतानाही पुढच्या शाफ्टचा वेग ५०७ आणि ५७५ यांच्या दरम्यान हेलकावे खात असतो. दुसरा सांधा तेवढ्याच कोनात वाकलेला असेल आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारी दुबेळकी, एका रेषेत असतील, तर हे हेलकावे तिथे पुसले जातात. योक एकमेकांना काटकोनात बसले तर पुसले जाण्याऐवजी ते एकमेकांत मिळतात. तेव्हा सर्वांत आधी शाफ्टच्या बाजूला उभे राहून दोन्ही टोकांचे योक एका पातळीत आहेत का ते पाहावे. त्यासाठी पानासुद्धा हातात घ्यावा लागत नाही.

पाना१२

धुरा यांनी सांगितलेले योग्यच आहे, पण माझा अनुभव वेगळा आहे. माझ्याकडे आलेल्या जुन्या बेलरांपैकी बऱ्याच यंत्रांचा दोष फ्लायव्हीलजवळ निघाला. शिअर बोल्ट, म्हणजे भार वाढला की आधी स्वतः तुटून यंत्र वाचवणारा बोल्ट, वर्षानुवर्षे तुटत राहतो, कोणीतरी घाईत हाताला लागेल तो बोल्ट घालतो, भोक हळूहळू अंडाकृती होते आणि ज्या बुशवर (धातूच्या कडीवर) हब, म्हणजे शाफ्ट फ्लायव्हीलला जोडणारा तुकडा, फिरतो ते बुशही झिजते. मग शाफ्टचे टोक आपल्या जागी राहत नाही. शाफ्ट सरळ असतो, क्रॉस नवे असतात, तरी यंत्र थरथरते. बोल्ट आवळून हा दोष जात नाही, कारण ढिलेपणा बोल्टमध्ये नसून भोकात आणि बुशमध्ये असतो. इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून, फ्लायव्हील पूर्ण थांबल्यावर हब दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवून पाहा.

मंदगती

कुरणवाट यांनी विचारलेला प्रश्न "काय बदलू" हा नसून "कसे ओळखू" हा आहे, म्हणून मी त्यालाच धरून लिहितो. प्रत्येक थरथरीला स्वतःचा ठेका असतो, आणि तो ठेका मोजला की अर्धे यंत्र संशयातून बाहेर पडते.

पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्या करतो, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्ट वाकलेला असेल, क्रॉस मध्यावर बसलेला नसेल, फ्लायव्हीलचा तोल गेला असेल किंवा बेअरिंगमध्ये शाफ्ट इकडे-तिकडे होत असेल, तर हादरा फेरीला एकदा, म्हणजे सेकंदाला ९ वेळा बसतो. सांध्यांचे कोन किंवा योकची मांडणी चुकली असेल, तर धुरा यांनी सांगितल्याप्रमाणे फेरीला दोन चढउतार होतात आणि ठेका सेकंदाला १८ चा पडतो. छोट्या बेलरचा प्लंजर, म्हणजे पुढे-मागे जाऊन गवत दाबणारा ठोकळा, साधारणपणे मिनिटाला ६५ ते १०० फटके मारतो. ८० धरले तर पाऊण सेकंदाला एक. प्लंजरचे रूळ, त्याची बेअरिंगे, दांडा किंवा सुरी यांतला दोष या संथ ठेक्यावर चालतो आणि तो हाताच्या बोटांवरही मोजता येतो.

९ आणि १८ मात्र कानाला किंवा तळपायाला वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी ध्वनिमुद्रणही उपयोगाचे नाही, कारण इतका खालचा ठेका फोनच्या माइकला नीट पकडता येत नाही. फोनमध्ये जो त्वरणमापक असतो त्याच्या नोंदी दाखवणारे एखादे ॲप घ्यावे, यंत्र बंद असताना फोन दांडीला चिकटपट्टीने घट्ट बांधावा, मग दूर होऊन यंत्र सुरू करावे आणि अर्धा मिनिट नोंद घ्यावी. इंजिनाचा कंप याहून पुष्कळ वरचा असतो, त्यामुळे गल्लत होत नाही. इंजिन २००० फेऱ्यांवर असेल तर ते एकटेच सेकंदाला ३३ वेळा फिरते.

आणखी एक खूण आहे. तोल गेल्यामुळे येणारी थरथर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात सतत वाढत जाते. एखाद्या ठरावीक वेगालाच थरथर उसळत असेल आणि त्याच्या पुढे पुन्हा शांत होत असेल, तर दांडी किंवा एखादे झाकण त्या ठेक्याला आपला सूर मिळवत आहे असे समजावे. तुमच्याकडे ४५० च्या पुढे नक्की काय होते, तेही नोंदवून पाहा.

पाना१२

मंदगती, आपण लिहिलेले शास्त्र मला मान्य आहे, पण शेतात उभ्या असलेल्या माणसाने फोन बांधत बसण्यापेक्षा शिअर बोल्ट काढून पाहावे हे मला अधिक सरळ वाटते. बऱ्याच बेलरांत शिअर बोल्ट काढला की शाफ्ट आणि हब फिरतात, फ्लायव्हील आणि त्यामागचे सारे यंत्र स्थिर राहते. बुशला ग्रीस द्यावे, काही क्षणच चालवावे. थरथर राहिली तर दोष शाफ्टमध्ये आणि गेली तर दोष बेलरमध्ये, इतका स्वच्छ निवाडा दुसऱ्या कोणत्याही रीतीने होत नाही.

धुरा

या एका मुद्द्यावर मला नम्रपणे हरकत घ्यावीशी वाटते, कारण याच निवाड्याने मी एकदा पुरता फसलो आहे. शिअर बोल्ट काढला, थरथर जवळजवळ नाहीशी झाली, म्हणून मी फ्लायव्हील उतरवून त्याचा तोल तपासून घेतला. तो निर्दोष निघाला. परत बसवल्यावर थरथर पूर्वीसारखीच होती.

त्याचे कारण मला नंतर उमगले. सांध्यांच्या कोनांमुळे शाफ्टचा वेग खालीवर होतो, पण त्याचा हादरा जाणवतो तो पलीकडे जड वस्तू असेल तरच. फ्लायव्हील आपला वेग बदलू देत नाही, शाफ्ट तो बदलू पाहतो, आणि या ओढाताणीचा धक्का सांध्यांतून, बेअरिंगमधून दांडीत उतरतो. फ्लायव्हील सोडवले की ओढाताण संपते आणि शाफ्ट आपल्या मर्जीने खालीवर होत शांतपणे फिरतो. म्हणजे दोष शाफ्टच्या मांडणीत असूनही संशय फ्लायव्हीलवर जातो. बोल्ट काढूनही थरथर राहिली तर पाना१२ यांचा निष्कर्ष पक्का आहे. थरथर गेली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

पाना१२

हा विचार मी केला नव्हता. मान्य आहे, आणि यापुढे लक्षात ठेवीन.

ओलावा

शिअर बोल्टचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट हात जोडून सांगते. हा धागा वाचून कोणी शाफ्टचे मागचे टोक सोडवून, पुढचे टोक पीटीओवर तसेच ठेवून, तो मोकळा फिरवून पाहू नये. मोकळे टोक क्षणात वर उसळते आणि त्यापुढे ते कोणाच्याही हातात राहत नाही. तसेच इंजिन बंद केले तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहते, आणि ते फिरते तोवर प्लंजर, गाठी मारणारे हात आणि सुया चालू शकतात. संरक्षक आवरण काढायचे असेल तर किल्ली काढून, फ्लायव्हील थांबल्यावर त्याला ठोकळा लावून मगच काढावे आणि चाचणीपूर्वी परत बसवावे. जुन्या यंत्रांवरची आवरणे फुटलेली असतात आणि लोकांना त्याची सवय होऊन जाते. ही सवय मोडावी यासाठी मी हे लिहिते आहे.

गवतफूल

कुरणवाट यांनी क्रॉस "बदलून घेतले" असे लिहिले आहे, म्हणून विचारते, ते बसवताना आपण समोर होता का? नवा क्रॉसही चुकीचा बसू शकतो आणि मी स्वतः तसा बसवलेला आहे.

क्रॉसच्या चारही टोकांवर एकेक कप असतो आणि कपाच्या आतल्या भिंतीला सुईसारखी बारीक बेअरिंगे ग्रीसने चिकटवलेली असतात. मी कप योकमध्ये दाबत होते. तीन कप सहज बसले, चौथा मात्र थोडासा वर राहिला आणि सर्क्लिप, म्हणजे कप जागी धरणारी कडी, खाचेत उतरेना. मला वाटले, खाचेत घाण असेल. खाच साफ केली, कपावर लाकूड ठेवून हातोडीने आणखी दोन ठोके दिले, आणि सर्क्लिप कशीबशी बसली. यंत्र सुरू केले तर पूर्वी नव्हती इतकी थरथर. पुन्हा उघडले तेव्हा दिसले की एक सुई भिंतीवरून निसटून कपाच्या तळाशी आडवी पडली होती. तिच्या जाडीमुळे क्रॉस एका बाजूला सरकला होता आणि त्याबरोबर सबंध शाफ्ट मध्यापासून ढळून फिरत होता. सुई वाकली होती, कपाच्या तळावर तिचा ठसा उमटला होता.

तेव्हापासून मी कप बसवण्यापूर्वी बोट फिरवून सुया मोजते, आणि सर्क्लिप बसल्यावर योक हाताने चारही दिशांना वाकवून पाहते. हालचाल सगळीकडे सारखी आणि लोण्यासारखी असली पाहिजे. एखाद्या जागी किंचित अडखळली तरी तो क्रॉस मी पुन्हा काढते. ग्रीस चारही कपांतून बाहेर आले का, हेही पाहावे; एका कपातून येत नसेल तर तो कोरडा चालणार आणि काही दिवसांत त्याच्या कडेला विटकरी रंगाची भुकटी दिसू लागणार.

शेवटचाफेरा

माझा बेलर गोल गठ्ठ्यांचा आहे, तेव्हा थोडे विषयांतर होईल. माझ्याकडेही अशीच थरथर होती, पण ती गठ्ठा मोठा होत जाईल तशी वाढत असे आणि रिकाम्या यंत्रात अजिबात नसे. शोधाअंती एका रोलरचे बेअरिंग गेलेले निघाले. यंत्र थांबवल्यावर त्याच्या बाजूचे झाकण इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम लागत होते. गोल बेलरमध्ये पट्ट्यांच्या जोडांचाही ठेका असतो, पण तो संथ असतो. कुरणवाट यांचे यंत्र रिकामे असतानाच थरथरते, म्हणून हा अनुभव त्यांना लागू पडेल असे वाटत नाही. तरी "रिकामे की भरलेले" हा भेद पहिल्याच दिवशी करावा, एवढे मला सांगायचे होते.

नवखा

याच धाग्यात विचारतो, राग मानू नये. माझा छोटा चौकोनी बेलर चालताना ट्रॅक्टर पुढे-मागे झुलतो, साधारण सेकंदाला एकदा. हाही शाफ्टचा दोष आहे का? डिझेल वाचावे म्हणून मी पीटीओ ४५० च्या आसपास ठेवतो.

मंदगती

नवखा, हा ठेका प्लंजरचा आहे, शाफ्टचा नाही. प्लंजर जड असतो, तो पुढे-मागे धावतो तेव्हा बेलर आणि ट्रॅक्टर उलट दिशेला थोडे सरकतात. ट्रॅक्टर हलका असेल तर हे झुलणे अधिक जाणवते आणि काही प्रमाणात ते स्वाभाविक आहे. परंतु वेग कमी ठेवून तुम्ही ते वाढवत आहात. फ्लायव्हीलमध्ये साठणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते; ५४० ऐवजी ४५० ला चालवले की जवळजवळ ३० टक्के ऊर्जा कमी होते. गवत कापण्याचा आणि दाबण्याचा भार जो फ्लायव्हीलने एकट्याने उचलायचा, तो मग प्रत्येक फटक्याला शाफ्टवर आणि ट्रॅक्टरवर येतो. आधी ५४० वर चालवून पाहा. तरीही झुलणे कमी झाले नाही, तर प्लंजरवरची सुरी आणि तिच्यासमोरची स्थिर सुरी यांच्यातील फट तपासा. बहुतेक यंत्रांत ती एक मिलिमीटरपेक्षाही कमी ठेवायची असते, आणि प्लंजरचे रूळ झिजले की ती वाढते. मग गवत कापले जाण्याऐवजी फाटते.

नवखा

५४० वर चालवले. झुलणे निम्म्यावर आले आहे. सुरीची फट उद्या पाहतो. मनःपूर्वक आभार.

कुरणवाट

सर्वांचे आभार. आज दिवसभर जे पाहिले ते सांगतो.

धुरा यांनी सांगितल्याप्रमाणे योक पाहिले; शाफ्ट चौरसच आहे, पण दोन्ही योक एका रेषेत आहेत. पाना१२ यांच्या सूचनेप्रमाणे हब हलवून पाहिला. बुशमध्ये किंचित ढिलेपणा आहे, परंतु भोक गोल आहे. गवतफूल ताई, क्रॉस बसवताना मी समोर नव्हतो, म्हणून दोन्ही क्रॉस सर्क्लिपसह पुन्हा तपासले आणि योक वाकवून पाहिले. कुठेही अडखळत नाहीत.

नंतर मंदगती यांच्या रीतीने फोन दांडीला बांधून नोंद घेतली. पीटीओ ५४० वर असताना सर्वांत मोठा ठेका सेकंदाला १८ चा आहे. ९ चा ठेकाही दिसतो, पण तो त्याच्या पाव भागाहूनही लहान आहे. वेग वाढवत नेला तर थरथर वाढतच जाते, मध्ये कुठे उसळून शांत होत नाही. योक बरोबर असताना १८ कसा, हे मला समजत नाही.

ओळंबा

योक बरोबर असणे ही अर्धीच अट झाली. धुरा यांच्या पहिल्या प्रतिसादात दुसरी अर्धी अट आहे, ती घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटू शकते: दोन्ही सांधे "तेवढ्याच कोनात" वाकलेले असले पाहिजेत. योक एका रेषेत असतील पण एक सांधा ९ अंशांनी आणि दुसरा १५ अंशांनी वाकला असेल, तर हेलकावे पुसले जात नाहीत. उरलेला परिणाम दोन्ही कोनांच्या वर्गांच्या फरकाचे वर्गमूळ काढले की मिळतो. २२५ वजा ८१, म्हणजे १४४, आणि त्याचे वर्गमूळ १२. म्हणजे १२ अंशांनी वाकलेला एकच सांधा लावल्यासारखे ते यंत्र चालेल.

आता मला दोन गोष्टी सांगा. मागच्या हंगामानंतर ट्रॅक्टर बदलला आहे का? आणि बदलला असेल तर नव्या ट्रॅक्टरच्या ड्रॉबारची, म्हणजे अवजार ओढणाऱ्या मागच्या पट्टीची, उंची आणि लांबी मोजली आहे का?

कुरणवाट

होय, ट्रॅक्टर बदलला आहे. ही गोष्ट मी पहिल्या लेखात लिहिली नाही, कारण बेलरच्या दोषाशी तिचा संबंध असेल असे मला वाटले नव्हते. ड्रॉबार मोजलेला नाही.

ओळंबा

मग माप घेण्यापूर्वी हे समजून घ्या, म्हणजे कोणते माप कशासाठी आहे ते कळेल.

सरळ चालताना महत्त्व उंचीला आहे. पीटीओचा शाफ्ट आणि दांडीवरचा मागचा शाफ्ट एकमेकांना समांतर असतील, तर त्यांच्यामधला सरकता शाफ्ट कितीही उतरता असला तरी दोन्ही टोकांचे कोन समान होतात. दांडीचे तोंड खाली झुकले किंवा वर उचलले गेले की मागचा शाफ्टही तिच्याबरोबर कलतो आणि कोन असमान होतात. फ्लायव्हीलजवळ तिसरा सांधा असला तरी त्याचा कोन बदलत नाही, कारण तो शाफ्ट, दांडी आणि बेलर सारे एकत्र कलतात.

वळताना महत्त्व लांबीला आहे. ज्या पिनेभोवती ट्रॅक्टर आणि बेलर वळतात ती पिन दोन सांध्यांच्या बरोबर मध्याखाली असेल, तर वळणाचा कोन दोघांत समान वाटला जातो. ५४० फेऱ्यांच्या, ३५ मिलिमीटर व्यासाच्या आणि सहा खाचांच्या पीटीओसाठी शाफ्टच्या टोकापासून ड्रॉबारच्या पिनेच्या भोकापर्यंतचे आडवे अंतर साधारण ३५५ मिलिमीटर, म्हणजे १४ इंच धरतात. १००० फेऱ्यांच्या ३५ मिलिमीटरच्या शाफ्टसाठी ते सुमारे ४०० आणि ४५ मिलिमीटरच्या जाड शाफ्टसाठी सुमारे ५०० असते. ट्रॅक्टरवर पूर्वी दुसरे एखादे अवजार लावलेले असेल तर ड्रॉबार त्याच्याच भोकात राहिलेला असतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

बेलर ट्रॅक्टरला जोडून सपाट जमिनीवर उभा करा, इंजिन बंद करा, आणि तीनही शाफ्टांवर कोनमापक किंवा बुडबुड्याची पातळी ठेवून त्यांचा उतार लिहून काढा. ट्रॅक्टरच्या मागे वाकून डोळ्याने अंदाज घेऊ नका. दांडी लांब आणि जाड असते, पाच-सहा अंश सहज नजरेतून सुटतात.

पाना१२

ओळंबा यांच्या शेवटच्या ओळीला माझे पूर्ण अनुमोदन. मी कित्येक बेलर उभ्या-उभ्या पाहून "पातळीत आहे" असे सांगितले असेल, आणि त्यांतले किती खरोखर पातळीत होते ते आता मला खात्रीने सांगता येणार नाही. एक पुरवणी जोडतो: ड्रॉबारची लांबी बदलली की सरकता शाफ्ट किती आत राहतो तेही पाहावे. चालताना नळ्यांचा निदान एकतृतीयांश भाग एकमेकांत असला पाहिजे, आणि वळणावर शाफ्ट पूर्ण मिटून टोकाला टेकता कामा नये.

कुरणवाट

मापे घेतली. पीटीओचा शाफ्ट पातळीत आहे. सरकता शाफ्ट मागच्या बाजूला ९ अंश उतरतो. दांडीवरचा शाफ्ट मात्र मागे जाताना ६ अंश चढतो, कारण नव्या ट्रॅक्टरचा ड्रॉबार जुन्याहून बराच खाली आहे आणि दांडीचे तोंड जमिनीकडे झुकले आहे. म्हणजे पुढचा सांधा ९ आणि मागचा ९ अधिक ६, म्हणजे १५. ओळंबा यांनी केवळ उदाहरण म्हणून घेतलेले आकडे माझ्या यंत्रावर जसेच्या तसे निघाले, हे पाहून मी पातळी पुन्हा एकदा उलटी करून ठेवली आणि खात्री करून घेतली.

ड्रॉबारच्या भोकापर्यंतचे अंतर ४९५ मिलिमीटर आहे. वळणावर थरथर का वाढत होती तेही कळले.

दांडीच्या तोंडाला जोडाची जी पट्टी आहे तिला उभ्या रेषेत चार भोके आहेत. उद्या ती पट्टी दोन भोके खाली घेतो, म्हणजे तोंड वर येईल, आणि ड्रॉबार आत सरकवतो.

धुरा

ड्रॉबार आत घेतल्यावर तो आडवा हलणार नाही अशा रीतीने मध्यभागी पिनेने पक्का करा. तो डावी-उजवीकडे मोकळा राहिला तर सगळे माप वाया जाईल.

कुरणवाट

काम झाले. ड्रॉबार ३५५ वर घेऊन मध्यभागी पक्का केला. दांडी उचलल्यावर तिच्यावरचा शाफ्ट १ अंश चढतो आणि सरकता शाफ्ट ७ अंश उतरतो. सांधे ७ आणि ८ अंशांचे झाले. ओळंबा यांच्या हिशेबाने उरलेला परिणाम १२ अंशांवरून ४ अंशांच्या आत आला.

पुन्हा फोन बांधून नोंद घेतली. सेकंदाला १८ चा ठेका पूर्वीच्या दहाव्या भागाइतका राहिला आहे. पाण्याचा डबा जागचा हलत नाही. वळणावरही यंत्र शांत आहे.

परंतु ९ चा ठेका जसाच्या तसा आहे, आणि मोठा ठेका गेल्यामुळे आता तोच पायाला जाणवतो. पाना१२, आपण म्हणालात त्या बुशचा हा परिणाम असेल का?

गवतफूल

बुशच्या आधी दांडीवरचे बेअरिंग पाहा. इतका काळ १८ चा हादरा त्याच बेअरिंगमधून दांडीत उतरत होता.

पाना१२

गवतफूल ताईंचे बरोबर आहे. बुश तुम्ही हलवून पाहिले तेव्हा ढिलेपणा किंचितच होता. बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना शाफ्टवर खडूने रेघ ओढा, लाकडी दांड्याने शाफ्ट खालून वर उचला आणि बेअरिंगची आतली कडी शाफ्टबरोबर हलते की शाफ्ट कडीच्या आत हलतो, ते पाहा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

कुरणवाट

शाफ्ट कडीच्या आत हलत होता. बेअरिंग उतरवले तेव्हा त्याखाली शाफ्टवर गुळगुळीत, चकचकीत पट्टा पडलेला दिसला, नखाने कड लागेल इतका खोल. कडी आवळणारा बारीक स्क्रू ढिला होऊन शाफ्ट तिच्या आत घसरत राहिला असावा. बेअरिंग स्वतः फिरवून पाहिले तर तेही खरखरते.

तेवढ्या भागावर धातू चढवून तो लेथवर मूळ मापाला आणून घेतला, नवे बेअरिंग बसवले आणि आज सकाळपासून गठ्ठे बांधतो आहे. ५४० वर यंत्र चालू असताना दांडीवर उभी ठेवलेली पातळी आता पडत नाही. ९ चा ठेका नोंदीत शोधावा लागतो.

संपूर्ण शाफ्ट नवा घ्यायला सांगणाऱ्या कारागिराला मी हा धागा वाचून दाखवला. त्यांनी दोनदा विचारले की कोन कुठून कुठे मोजायचे. ते पुढच्या आठवड्यात आणखी एक थरथरणारा बेलर पाहायला जाणार आहेत आणि माझा कोनमापक घेऊन गेले आहेत.

ओळंबा

त्यांना सांगा, जमीन उतरती असली तरी चालते, फक्त उतार ट्रॅक्टर आणि बेलरखाली एकसारखा हवा. तीनही शाफ्ट एकाच जागी, एकाच वेळी मोजले आणि ट्रॅक्टर-बेलर एका रेषेत उभे असले की उतारांतला फरक तोच राहतो. मात्र बेलरच्या दोन्ही चाकांत हवा सारखी असली पाहिजे.

कुरणवाट

सांगतो. ड्रॉबारच्या ३५५ च्या भोकाशी आणि दांडीच्या पट्टीवरच्या भोकाशी पांढऱ्या रंगाने खूण करून ठेवली आहे.